ओघळ

ईस्टर्न केपमधल्या त्या शाळेला
कंपनीनं वाचनालय दिलं :
जुना कंटेनर, खिडक्या कापून काढलेल्या,
आणि रंग तोच, लाल चौसष्ट,
जो मझुकिसीनं बावीस वर्षं
गाड्यांच्या अंगावर फवारला.

फीत कापली. जर्मन साहेब
खोसा भाषेत दोन शब्द बोलले, दुसरा चुकला.
बायकांनी तरी जिभा हलवून गजर केला.
फोटोवाला म्हणाला, आजोबा, जरा बाजूला.

तो सरकला दाराच्या मागे,
आणि पत्र्यावरून बोट फिरवलं
सवयीनं, डोळे मिटून.
बिजागरीखाली ओघळ लागला,
वाळलेला, करंगळीएवढा.

गाडीवर असता
तर अख्खं दार परत आलं असतं,
सोबत साहेबाची चिठ्ठी.

खोकला आला. त्यानं तो गिळला,
फोटो चालू होता.

आत यामकेला, त्याची नात,
देवमाशाचं पुस्तक वाचत होती मोठ्यानं,
"समुद्र"वर अडखळून पुन्हा पहिल्यापासून.

गाड्या गेल्या, खुर्च्या उचलल्या.
मझुकिसी शिपायाला म्हणाला,
उद्या पॉलिश पेपर घेऊन येतो,
घासून देतो एवढं. पैसे नकोत.

शिपायानं ओघळाकडे पाहिलं,
मग कुलुपाकडे.
म्हणाला, विचारावं लागेल.