बाहीचं माप

मुहर्रकमध्ये, मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या जुन्या घरात
पडद्यांची मापं घ्यायला गेले
तर दुसऱ्या खोलीत ही उभी.
जलरंगातली. कागद कडांना चहाच्या रंगाचा.
खाली पेन्सिलीनं: 'स्त्री, स्थानिक पोशाख'.
नाव नाही. साल पुसट.

कशिदा आधी रंगवला असणार त्यानं.
जांभळ्या नशलवर सोन्याचा ठिपका न् ठिपका,
गळ्यापासून घेरापर्यंत न कंटाळता
(तार सुरतेची, एवढं मी पैजेवर सांगेन);
चेहऱ्यापाशी पोचला तोवर उजेड गेला असावा.
डोळे दोन टिपक्यांत उरकलेत.

मी शिवणारी बाई. आधी खांदा बघते.
खांद्याची शिवण पार दंडावर उतरलेली,
बाही एवढी की बोटांची नुसती टोकं बाहेर,
त्या टोकांना मेंदी नाही,
नखं आखूड, धुण्याभांड्यांची.
म्हटलं, हा झगा हिचा नव्हेच.
मालकिणीच्या पेटीतून काढून
घातलाय हिच्या अंगावर, सकाळपुरता,
आणि बजावलंय, हलायचं नाही.

मला हे लगेच दिसलं, कारण
कंपनीच्या संस्कृती दिनाला
मीही अशीच उभी होते, मनामाच्या एका हॉटेलात,
नऊवारीत.
शिवलेली, इलॅस्टिकची, भाड्यानं आणलेली,
मागे अकरा सेफ्टी पिना, मीच मोजून लावलेल्या.
नथ दाबाची. नाक दोन दिवस लाल.
फोटोखाली छापलं: 'भारतीय महिला'.
बार्शीला आईला पाठवला.
तिनं विचारलं, कोण गं ही?

पहाऱ्यावरच्या मौज़ाला मी सगळं सांगितलं,
खांदा, बाही, नखं.
ती हसली. बापाकडून शिकलेल्या
मोडक्या बंबय्या हिंदीत म्हणाली,
टेप गुंडाळ तुझी.
नशल मापाचा नसतोच.
बाही हातासाठी नाही, डोक्यावर घ्यायला असते.
आणि आपल्या काळ्या अबायाची बाही
उचलून तिनं डोक्यावरून घेतली, एका झोकात;
कमरेच्या किल्ल्या वाजल्या.
बघ, म्हणाली, हिनं अजून घेतली नाहीये.
घेणारच होती. तेवढ्यात थांबवलं तिला.

पुन्हा पाहिलं.
डावा हात खरंच जरासा वर,
कापडाआड कोपराचा उंचवटा,
जिथं जांभळा पाण्यानं फुटलाय
आणि मी म्हटलं होतं, इथं चित्रकार चुकला.

मग नखांचं काय?
मौज़ा जवळ गेली. चष्मा वर केला.
बराच वेळ बघत राहिली.
नखांचं मला नाही माहीत, म्हणाली.

दुकानात येऊन वही उघडली तर
खिडकी चार फूट दोन इंच,
कापड लिहून आणलंय सहा फुटांचं.
कात्री घेतली होती हातात.
ठेवली.