शुक्रवारचा कागद

शुक्रवारी बाई एकच कागद लिहितात,
मग त्याच्या अकरा प्रती काढतात त्या म्हाताऱ्या यंत्रावर
जे शेवटच्या तीन ओळी कायम पुसट छापतं.
मेणकापडात गुंडाळलेला गठ्ठा येतो माझ्या फळीखाली,
लाइफजॅकेटं आणि डिझेलचा डबा यांच्या मधे,
आणि पाठोपाठ अकरा पोरं, ओल्या लोकरीचा वास घेऊन.

अकरा घरं, चार धक्के.
चिलोएच्या या कोपऱ्यात रस्ता म्हणजे पाणीच,
उत्तरेचा वारा सुटला की तोही बंद.

मी तिसरीत शाळा सोडली.
अक्षरं ओळखतो, पण लांबून,
पलीकडच्या बेटावरची माणसं ओळखावी तशी:
नाव आठवेपर्यंत होडी पुढे गेलेली असते.
म्हणून रायेन वाचते, इंजिनाच्या वर आवाज चढवून:

"चुलीचं धुराडं साफ झालं. आत घरटं निघालं, रिकामं.
उवा आल्या आहेत. कोणाकडून, ते विचारू नये.
बुधवारी एलीसेरचं कोकरू गणिताच्या तासाला बसलं.
स्वयंपाकासाठी बटाटे पाठवा. बारके नकोत,
सोलता सोलता फिदेलियाबाईंची बोटं जातात."

आणि शेवटी, पुसट ओळींपाशी डोळे बारीक करून:
"होडीवाले कॉलिवोरो यांचा खोकला आता बरा आहे.
होडीचा पिवळा रंग शाळेला आवडला."

खोटं कशाला बोलू,
मी सोमवारी दाढी करायला लागलो.
छापून येणाऱ्या माणसानं जरा बरं दिसावं.

ऑगस्टात, ऐन थंडीत, तिनं वाचलं:
"धक्क्यावर समुद्रसिंह झोपला होता म्हणून शाळा उशिरा भरली.
कॉलिवोरो यांनी त्याला वल्ह्यानं नव्हे, बोलून उठवलं."
पोरं हसली. मीही.
पण तिसऱ्या धक्क्यावर बायकांनी कागद उघडला
आणि माझ्या रामरामाला कोणी मान वर केली नाही.
एकीनं घडी घालून तो एप्रनच्या खिशात खोल कोंबला,
उंदराचं पिल्लू सापडावं तसा.

संध्याकाळी फिदेलियाच्या दारात उभा राहिलो, कागद घेऊन.
तिनं चष्मा शोधला, मग वाचलं:
वरून पत्र आलंय. पट दहाच्या खाली गेला
तर मार्चपासून शाळा नाही.
दोन पोरं जाणारच आहेत, बापाला माशांच्या कारखान्यात काम लागलंय.
अकरातून दोन, एवढं गणित तिसरीतही होतं.

"आणि माझं?"
"तुझं काय?"
"समुद्रसिंहाचं."
तिनं कागद उलटून पाहिला. मागे कोरं होतं.
मग मी पत्र्याच्या पेटीतले जुने सगळे आणले,
तेलाचे डाग पडलेले, एक तर कोळंबी बांधलेला.
उवा होत्या. बटाटे होते. धुराडं होतं.
मी कुठेच नव्हतो.
खोकलाही नाही, रंगही नाही.
फिदेलिया काही बोलली नाही, चुलीत एक लाकूड सारलं.

पुढच्या शुक्रवारी मी इंजिन बंद केलं, भर पाण्यात.
"वाच," म्हटलं, "जे आहे ते."
रायेननं कागद धरला. नऊ वर्षांची पोर,
खालचा ओठ दातात, आणि समोरचा एक दात पडलेला.
तिनं वाचलं. पत्राचं, पटाचं, सभेची तारीख,
ज्यांना जायचंय त्यांची नावं नाहीत, पण सगळ्यांना माहीत.
एलीसेर टोपीच्या आत बघत होता. जाणाऱ्यांतला तोच एक.
लाट होडीला थोडी थोडी थापटत राहिली.

मग मी कागद घेतला तिच्या हातातून.
"एक बातमी राहिली," म्हटलं, आणि घसा साफ केला:
"रायेनचा दात मंगळवारी पडला,
तो चौथ्या धक्क्यापाशी पाण्याला दिला.
कोकराला पुढच्या वर्षीचा भागाकार येतो की नाही ते पाहू.
सोमवारी होडी सव्वासातला. उशीर चालणार नाही."

"आजोबा," एलीसेर म्हणाला, "कागद उलटा धरलाय तुम्ही."

"मग? आत्ताच सुलटा वाचला ना,
ऐकलंत काय निघालं ते,"
आणि दोरी ओढली.
इंजिन तिसऱ्या ओढीला लागलं, नेहमीसारखं.