फीत

महू, मेन स्ट्रीट. आमच्या पाटीवर अजून
'पतंगे अँड सन्स, मिलिटरी टेलर्स' असं आहे.
सन्स म्हणजे माझे वडील आणि काका.
मला मुलगा नाही.
मला कालिंदी आहे.

तिनं तीन ठिकाणी अर्ज केले होते.
देहरादूनजवळचं एक शिबिर, पंधरा दिवसांचं, सुट्टीतलं;
पुण्याकडचं एक, घोड्यांसकट;
आणि तिसरं इथलंच, इंदूरला, बायपासच्या पलीकडे,
जिथं जायला एक बस पुरली असती.
तिन्हीकडून नाही आलं.
शेवटचं आलं तेव्हा मी काज करत होतो.
तिनं फोन समोर धरला. "जागा मर्यादित असल्याने"
एवढंच वाचलं मी. चष्मा कपाळावर होता
आणि तो तसाच राहू दिला.

म्हणालो, "शिबिर म्हणजे अकादमी नव्हे.
परीक्षा सप्टेंबरात आहे. ती कुठं कुणी नाकारली?"
खरंच होतं ते.
पण कापड चांगलं असलं म्हणून अंगाला बसतंच असं नाही.
ती खाली सांडलेल्या टाचण्या
लोहचुंबकानं गोळा करत राहिली,
संपल्या तरी.

संध्याकाळी कॅप्टन राणावत ट्रायलला आले.
खांद्यावरचा तिसरा तारा नवाकोरा.
त्यांना सांगायची काही गरज नव्हती, मी सांगितलं.
ते हसले, मनापासून हसले:
"बेटा, मुझे भी दो बार लौटाया था."
ती म्हणाली, "सर, असं सांगणारे सगळे
वर्दीतच भेटतात."
आरशात ते जरा सरळ झाले.
मी खांद्याची शिवण चिमटीत धरून ठेवली.
"ज्यांना लौटाया आणि जे लौटलेलेच राहिले,
ते कुठं भेटतात?"

शटर अर्धं ओढलं, मग सांगितलं.
तिच्या आईलाही हे पुरतं ठाऊक नाही.
ग्वाल्हेर, मेळ्याचं मैदान, भरती, पहाटेचे चार,
डिसेंबरात चड्डीवर उभी सहाशे पोरं.
धावण्यात मी एकोणिसावा.
मग सुभेदारानं छातीला फीत लावली: "फुलाओ."
फुगवून पाच सेंटीमीटर हवेत.
साडेतीन भरले.
"और."
मैदानातली सगळी धूळ आत ओढली मी.
साडेतीन.
"अगला."
घरी सांगितलं, गाडी चुकली.

अठ्ठावीस वर्षं झाली.
मेजरांच्या, कर्नलांच्या, एका जनरलाची तर तीनदा,
(दर वेळी पोट पुढं, छाती तिथंच)
किती छात्या गेल्या या फितीतून.
रोज एकदा तरी साडेतीनवर
अंगठा उगाच थांबतो.

"म्हणजे तुम्ही," ती म्हणाली.
"म्हणजे मी. इथं भेटतो.
सकाळी दहा ते रात्री नऊ, सोमवारी बंद."

हसली नाही.
माझ्या गळ्यातली फीत काढून घेतली,
पाठीमागून फिरवली, टोक पुढं आणलं.
"श्वास घ्या, बाबा."
म्हटलं, आता काय, या वयात.
"घ्या."
घेतला. बाहेर रस्त्यावरून एक तुकडी दौडत गेली,
बूट लांब जाईपर्यंत मी तो सोडला नाही.
आकडा तिनं वाचला. सांगितला नाही.
फीत गुंडाळून गल्ल्याशेजारी ठेवली.

पहाटे पावणेपाचला जिन्यावर बूट वाजले.
आठवडाभर वाजले नव्हते.
मी दिवा लावला, बसलो,
आणि राणावतांचा डावा खांदा उसवायला घेतला.
काल बोलण्याच्या नादात
दोन सूत खाली टाचला होता.