भाष्य करण्याचा हेतू नाही

पावणेदहाला राजेशिर्केसाहेबांनी कागद दिला.
"बाहेर लावा. फार वर नको,
फार खालीही नको."
चिकटपट्टी संपली होती.
मग पाकिटांचा डिंक घेतला, बोटानेच फासला
आणि शटरच्या उजव्या अंगाला लावला,
जिथे आपण दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी लावतो.

रिझर्व्ह बँकेने आमच्या उदयभानू नागरी सहकारी बँकेला
दोन लाख दहा हजारांचा दंड केला आहे.
काल मुंबईहून निघालेलं वाक्य
आज दांडिया बाजारात पोचलं,
पेपरात सातव्या पानावर,
वर कुणाचं तरी बेसणं, खाली मिक्सरची जाहिरात.

हसमुखकाका पंचाल सगळ्यांत आधी.
पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी कापडाच्या पिशवीत, ती काखेत.
"शुं लख्युं छे, रेणुकाबेन?"
मी इंग्रजीचं गुजराती केलं,
मागे उभ्या माणकेकरकाकूंसाठी त्याचं मराठी.
अनुपालन. त्रुटी. कलम अमुक, पोटकलम तमुक.

"म्हणजे पैसे बुडाले?"
नाही.
"मग झालं काय?"
दंड.
"कोणाला?"
बँकेला.
"अगं पण बँक म्हणजे कोण?"

याचं उत्तर कागदात नव्हतं.
कागदात नाव होतं, पूर्ण, शेवटच्या 'मर्यादित'सकट,
आणि तळाशी एक वाक्य,
जे मी दुपारपर्यंत इतक्यांदा वाचलं
की आता झोपेतही म्हणेन:
ही कारवाई नियमपालनातल्या उणिवांपुरती आहे.
बँकेने ग्राहकांशी केलेल्या कुठल्याही व्यवहाराच्या
वैधतेवर भाष्य करण्याचा हेतू नाही.

त्यातली एक उणीव माझ्या ओळखीची.
मार्चअखेरची दुपार, वीज गेलेली,
समोर एकेचाळीस फॉर्म.
एकेचाळीस वेळा मी लिहिलं 'पत्ता तपासला',
खाली माझी आद्याक्षरं, शेवटी शेवटी नुसती रेघ.
त्यांत लकडी पुलाजवळच्या यमुताई पोतनीस.
त्यांच्या दाराला तेव्हा दोन वर्षं कुलूप होतं.
मला ठाऊक नव्हतं.
ठाऊक करून घ्यायला तीन मजले चढावे लागले असते.

पावसाळ्यात तपासनीस आला, कोवळा मुलगा,
स्वतःची पाण्याची बाटली घेऊन.
चहा नको म्हणाला, शेवउसळ नको म्हणाला.
यमुताईंच्या फॉर्मवर त्याने पेन्सिलीने
एक टिंब ठेवलं.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ते टिंब अहमदाबादला गेलं, तिथून मुंबईला,
आठ महिने टेबलं फिरलं,
त्याला शून्यं फुटली
आणि ते परत आलं, माझ्याच हाती,
बाहेर लावण्यासाठी.

खरं तर दंडात माझं टिंब केवढं?
संचालकांच्या साडूला दिलेलं कर्ज आहे,
मुदतीत न भरलेली विवरणपत्रं आहेत.
हा हिशोब मी जेवणाच्या सुट्टीत केला
आणि डबा तसाच परत नेला.

दोन वाजता माणकेकरकाकू पुन्हा आल्या.
वाटलं, ठेव मोडणार.
फॉर्म पुढे सरकवला, आणखी तीन वर्षांसाठी.
"तू बसतेस ना या खिडकीत?" म्हणाल्या.
"मग झालं."
मी शिक्का मारला. जरा तिरका उठला.

शटर ओढताना पाहिलं,
उन्हाने कागद वाळून सुरकुतला होता.
एका शाळकरी पोराने 'मॉनेटरी'
मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.
डावा कोपरा सुटत होता, तो दाबायला गेले
तर तिथे सकाळचा डिंक,
त्यात माझा अंगठा, रेघन्‌रेघ,
सही न येणाऱ्या बायका आमच्याकडे
उठवतात तसा.

पुसावा म्हणून थुंकी लावली.
तो आणखीच स्पष्ट झाला.