शहाण्णवावी विहीर

मॉरिस साडेअकराला येतो, हिंदू कॉलनीतून,
स्कूटरवर पायाशी थर्मास, थर्मासात नळी,
नळीवर नुसता आकडा: एक्केचाळीस.
बीजांड तिकडेच काढून घेतलेलं,
सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.
आमच्याकडे येतं ते उरलेलं पाणी,
गवती रंगाचं, किंचित रक्ताळलेलं,
आणि त्यात, बीजांडाभोवती कालपर्यंत दाटीने बसलेल्या
ग्रॅन्युलोसा पेशी.

परळला तिसऱ्या मजल्यावर मी त्यांची सोय करते.
सदतीस अंश, ताटलीत गुलाबी पाणी.
दुसऱ्या दिवशी तळाला चिकटतात, पाय पसरतात,
शेजारणीला बोट लावून बघतात.
एक्केचाळीस नंबरची बाई आत्ता
पोटावर गरम पिशवी घेऊन कुठे पडली असेल,
त्यांच्या गावीही नाही.

झीनत नवीन आहे. विचारते,
मॅडम, एवढ्या पेशी, मग इस्ट्रोजेन का नाही?
दुपारी तिला लालबागला नेलं, मिरच्या दाखवल्या.
या दारात भाजतात, त्या दारात कांडतात;
भाजणारीकडे डंका नाही, कांडणारीकडे चूल नाही.
तसंच हे. भिंतीबाहेर थीका, तिच्या दारावरून रक्ताचा रस्ता.
ती कोलेस्टेरॉल उचलते
(तेच, ज्याला भिऊन आमचे हे
अंड्यातला बलक बाजूला काढतात)
आणि त्याचं करते पुरुषी संप्रेरक.
हो, पुरुषी. आधी तेच.
मग ते भिंतीतून झिरपतं
आणि आतली त्याला बाई करते.
झीनत शिंकत होती, हसत होती, ओढणीने डोळे पुसत होती.
परत येऊन ताटलीत थेंबभर अँड्रोजेन सोडलं.
दोन दिवसांनी इस्ट्रोजेन हजर.

पुढे त्या सुस्तावतात. फुगतात,
अंगात तेलाचे थेंब साठवतात,
प्रोजेस्टेरॉन करत सुटतात,
कुणी पाहुणं यायचं म्हणून गाद्या घालाव्यात तसं.
ताटलीला गर्भाशय नसतं.
सांगणार कोण त्यांना.

शुक्रवारी मोजणी. प्लेटवर शहाण्णव विहिरी.
या तपासणीचं सगळं उलटं:
संप्रेरक भरपूर, तर रंग फिका;
पिवळा जितका गडद, तितकी विहीर कोरडी.
शेवटची एक उरत होती.
वाया कशाला घालवायची म्हणून
मी बाही वर केली, झीनतला म्हटलं, घे.
वहीत लिहिलं: इतर.

संध्याकाळी बाकीच्या फिक्या, काही तर पाण्यासारख्या,
आणि कोपऱ्यात ती, पिवळीधमक.
हळदीच्या दिवशीही मी इतकी पिवळी नव्हते.
यंत्राने आकडा दिलाच नाही,
मोजता येईल त्याच्याही खाली, म्हणालं.
झीनत म्हणाली, मॅडम, किट जुनं असेल.
मी म्हटलं, किट नवीन आहे.

वरून मेंदू हाका मारत असणार,
रोज थोडा आवाज चढवून,
आणि खाली दोन्ही दारं ओढून घेतलेली,
चूल विझलेली, डंका थांबलेला.
निघण्याआधी एक्केचाळीसचं पाणी बदललं.
त्या तशाच, कामात.

रात्री ह्यांनी ताटाच्या कडेला सारलेला बलक
मी उचलला आणि खाल्ला.
मीठ जरा जास्तच घालून.