हात लावू नये

पंचायतीच्या बाबूने कागद दिला, एकवीस शब्दांचा,
आणि पाटी तीन फूट बाय दोन.
प्रागैतिहासिक एका ओळीत मावत नाही
हे त्याला कसं समजावणार.
तळोधीच्या दुकानांवर मी बारा वर्षं अक्षरं काढतो,
कृषी केंद्र, सोनार, दाताचा दवाखाना,
इतका लांब शब्द कुणी मागितला नव्हता.

टेकडीला आता पायऱ्या आहेत.
पायथ्याशी तिकिटाची टपरी, मोठ्यांना दहा, लहानांना पाच,
आणि एक सिमेंटचा आदिमानव,
भाला कुणीतरी नेलेला,
मूठ तशीच, हवा धरून.
मोहाची फुलं वाटेवर पडून आंबली होती.
उरकुडा नन्नावरे, पहारेकरी, काठी आपटत पुढे,
मोहावर अस्वल येतं म्हणून.
"रातच्यानं अंदरच झोपते कधी कधी," तो म्हणाला,
"बिना तिकिटाचं."

गुहा कसली, पुढे आलेला एक कातळ,
पडवीसारखा.
आत शिरलो तसा पाठीवरचा घाम गार झाला,
वाटलं, जागा बघून घेतलेली आहे.
खाली बोडी दिसते, पलीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या,
येणारा-जाणारा दिसतो,
आपण त्याला दिसत नाही.

छताला हरणं, चार.
पाचव्याला मागचे पाय नाहीत.
रंग संपला असेल. मला माहीत आहे कसा संपतो,
नेमका ओळीच्या शेवटी, गिऱ्हाईक उभं असताना.
माझ्या डब्यातही तोच लाल.
कंपनी सहा वर्षांची हमी देते.

मग उरकुड्याने काठी वर केली
आणि वीतभर अलीकडे थांबवली.
एक पंजा. लहान. करंगळी वाकडी.
मी टाचा उचलल्या, बोटं पोचेनात.
"कोनी उचललं असन लेकराले," तो म्हणाला,
"खांद्यावर बसवलं असन."

खाली चौकोनी खड्डा, कडेने दोरी.
नागपूरची माणसं दोन हिवाळे खोदत होती.
राख निघाली, हाडं, दगडाचे छिलके.
"कचराच पाहिजे होता त्याहिले.
सोन्याचं विचारलं तं हासले.
मंग मी माह्या नावाचं सांगतलं."
त्याच्या आधीची दोन गेली होती.
हा झाला तेव्हा सुईणीने उकिरड्यावर नेऊन ठेवला,
आणि मायने पायलीभर धान देऊन
परत विकत घेतला.
मरण कचरा उचलत नाही, असा हिशोब.
खोदणाऱ्या बाईंनी ते वहीत उतरवलं म्हणे,
राखेच्याच पानावर.

पाटी मी वरच रंगवली, कातळाच्या सावलीत.
'अंदाजे' गाळलं तर दोन इंच सुटत होते.
"राहू द्या जी," उरकुडा म्हणाला,
"माही जन्मतारीखबी मास्तरनंच टाकली,
एक जुलै."
म्हणून अंदाजे राहिलं, बारीक अक्षरात.
प्रागै वर, तिहासिक खाली.
शेवटी ठळक, लालात:
चित्रांना हात लावू नये.
कोपऱ्यात मी नाव टाकतो एरवी, मोबाइल नंबर धरून.
सरकारी पाटीवर चालत नाही.

रॉकेल सांडलं वाटेत, हात पुसायला काही उरलं नाही.
तसाच उतरलो, लाल पंजा अंगापासून लांब धरून,
कठड्याला न टेकता.
खाली उरकुड्याची नात, समीक्षा, डबा घेऊन उभी.
तिने माझ्या हाताकडे पाहिलं.
"मले बी."
उरकुड्याने टपरीकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं,
काठी खाली ठेवली
आणि तिला खांद्यावर घेतलं.

सिमेंटच्या माणसाच्या पाठीवर, पार मानेजवळ.
ओलं आहे, मी म्हटलं,
तासभर कोणी टेकू देऊ नका.