सातवा स्क्रू

सूरच्या खाडीत शुक्रवारी तीनला भरती,
म्हणून बॅटरी गुरुवारी रात्रीच लावायची.
इतकं साधं होतं सगळं.

होडी बत्तीस इंची. सागाच्या फळकुटांची,
गोदीतल्या सुताराने भंगारात टाकलेल्या.
मधोमध रेडिओची पेटी: पारदर्शक डबा,
रबरी वायसर, त्यावर व्हॅसलिनचं बोट फिरवलेलं,
झाकणाला सहा स्क्रू.
आत रिसीव्हर, सुकाणू फिरवणारी सर्व्हो,
सहा व्होल्टची बॅटरी,
आणि बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी.
ओल लागली की तिचे निळे दाणे गुलाबी होतात.
चहाडखोर आहे, पण खरं बोलते.

दिवसभर मी प्लांटवर समुद्रातून मीठ काढतो.
रात्री तोच समुद्र एका डब्याबाहेर ठेवतो.
पहिल्या कामाचे रियाल मिळतात.

निसार परकार, कर्ल्याचा, माझ्या वरच्या बंकवर.
त्याचे आजोबा याच बंदरात गलबत लावायचे, खजूर भरायला.
असं तो म्हणतो. खजूरच का आणखी काही,
ते त्याच्या आजोबांना ठाऊक.
होडी हातात तोलून म्हणाला,
"चार्ज करताना झाकण उघडं, पाण्यात जाताना बंद.
बॅटरी गॅस सोडते, बाबा.
उलटं केलंस तर दोन्हीकडून मेलास."
मी म्हटलं, सहा स्क्रू आहेत. दर वेळी सहा.
"मग भोक पाड झाकणाला."
भोकच पाडायचं तर पेटी कशाला?

तीन आठवडे हा वाद पुरला,
सुरमईच्या काट्यांवरून, वाळत घातलेल्या डांगऱ्यांखालून,
एसीच्या घरघरीत दिवा मालवल्यावरही.

त्या गुरुवारी कंटाळा आला.
बॅटरीच्या दोन वायरी मोटरकडे बाहेर आलेल्याच होत्या,
त्यांना चार्जरचे चिमटे लावले. झाकण तसंच.
मग घरी फोन.
वैजूला म्हटलं, सगळं ठीक.
अकरा मिनिटं बोललो.
बाथरूमच्या टाइल्स, धाकट्याचा दात,
वरच्या आळीत कोण वारलं.
मार्चपासून ओव्हरटाइम बंद आहे, तेवढं राहिलं.

सकाळी झाकण किंचित वर आलेलं,
जेवून ढेकर न आलेल्या माणसाच्या पोटासारखं.
दिसलं होतं मला.
तरी स्विच दाबला.

फार मोठा आवाज नव्हता. प्रेशर कुकरची शिटी
एकदम निखळावी, तेवढाच.
झाकण छताला लागून निसारच्या उशीवर पडलं,
दोन तुकड्यांत. तो उठून बसला,
तुकडे जुळवून पाहिले, म्हणाला,
"भोकापेक्षा मोठं झालं की रे."

नव्या झाकणाला मी स्वतःच भोक पाडलं.
चार मिलिमीटर. त्यात पितळी स्क्रू, खाली वायसर.
गुरुवारी रात्री तो काढून ठेवायचा
निसारच्या चहाच्या बशीत.
भोकाशी कान नेला. काही ऐकू येत नाही.
येणारही नव्हतं. गॅसला आवाज नसतो.

वैजूला म्हटलं, ओव्हरटाइम बंद आहे.
ती म्हणाली, "मार्चपासून ना?
पैसे कमी येतात, मला मोजता येत नाही होय?
टाइल्स पांढऱ्याच घालू, त्या स्वस्त पडतात."
मग दोघंही जरा वेळ गप्प,
आणि तिच्याकडे पंख्याची कटकट, ती मला ओळखीची.

शुक्रवारी तीनला भरती बरोबर आली.
होडी दीपस्तंभाच्या दिशेने सरळ गेली,
वळणावर जरा तिरपी झाली, परत आली.
काठावर दोन पोरं टाळ्या वाजवत होती, एक सांडल हरवलेलं.
उचलली, तर जड.
पेटीत अर्धी वाटी खाडी.
पुडीतले दाणे गुलाबी, एकूण एक.

निसारने खिशात हात घातला नाही,
मीही नाही.
सातवा स्क्रू बशीतच राहिला होता,
खोलीवर, चहाच्या डागात.